बर्फातली मेणाची वडी

माझी आई तुळसा मिठबावच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायची. तिचा आवाज होडीतल्या माणसापर्यंत पोचायचा, आणि तिची जीभ त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. २००७ साली त्याच जिभेच्या कडेला गाठ आली.

गाठीचा तुकडा तपासून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, तोही तोंडात क्वचितच होणाऱ्या जातीचा वाटतो. झपाट्याने वाढणारा निघाला तर अर्धी जीभ जाईल. पेशींत कुठली प्रथिनं आहेत ते मुंबईला रंग लावून बघतील, मग ठरवू." तुकडा बसवलेली मेणाची छोटी वडी त्यांनी बाबांच्या हातात ठेवली.

आमचे बाबा, बाबली, जन्मभर मासेमारी केलेले. अंगातून काढलेली वस्तू बर्फाशिवाय नासते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी वडी प्लास्टिकात गुंडाळून सुरमईच्या थर्माकोल पेटीत ठेवली आणि वर पेटीभर बर्फ ओतला. वाटेत चिपळूणला उतरून नवा बर्फही भरला. सोबत मी होते, लाजेने मेले.

प्रयोगशाळेत पेटी उघडली आणि खोलीभर सुरमईचा वास सुटला. डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, मेणातल्या तुकड्याला बर्फ लागत नाही. पण पातळ काप काढण्याआधी आम्हीही वडी बर्फावरच ठेवतो."

"बघ गो जान्हवी," बाबा मला म्हणाले. पुढचे आठ दिवस ते हेच म्हणत होते.

आठ दिवसांनी बाईंनी आम्हाला बोलावलं. दोन प्रथिनांवर तपकिरी रंग चढला होता, म्हणजे जात तीच, दुर्मीळ. पण पेशी वाढत असल्याचं दाखवणारं तिसरं प्रथिन शंभरात जेमतेम एका पेशीत दिसलं. "सावकाश वाढणारा आहे. कडेचा लहानसा भाग काढला की पुरे," त्या म्हणाल्या. बाबा खुर्चीतच रडले. मीही रडले, आणि इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

ऑपरेशननंतर महिनाभर आईला बोलायला बंदी होती. घर इतकं गप्प, की शेजारची जानकीकाकू विचारायला आली, "भांडलात काय गो?"

मे महिन्यात आई किनाऱ्यावर परतली. बाबांनी सुरमईची पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण उघडून आत पाहिलं. सगळे लिलाव थांबवून तिच्या तोंडाकडे बघत होते. शब्द जरा बोबडे आले, पण पार होडीपर्यंत गेले.

"माझ्या जिभेक पेटीभर बर्फ घातलात, आणि सुरमईक ओंजळभर?"