वाघावरची अर्धी सही

"काका, ही सही माझ्या आजोबांची आहे!"

तिकिटं-नाण्यांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलाशी वाकलेली ती बाई एवढ्या आनंदानं ओरडली की शेजारचे नाणीवाले पटेलही वळून बघायला लागले. तिचं बोट एका जुन्या संस्थानी महसुली तिकिटावर होतं. दबा धरून बसलेला वाघ, आणि त्याच्यावरून गेलेली अर्धी सही, 'सुभान'. उरलेलं 'राव' कागदावरच राहिलं होतं. कुठल्या कागदावर, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"मी संयोगिता. सुभानरावांच्या मुलाची, बळवंतरावांची मुलगी. घडियाळी पोळच्या गल्लीत राहतो आम्ही. किती जपलंत हो तुम्ही! खरेखर, बहु सारूं!" शेवटी ती गुजरातीतच म्हणाली, खरंच, फार छान!

आणि ती चक्क माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे ओढले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी रमाकांत, निवृत्त कारकून, वासण्याला राहतो. वाघ, सिंह, गेंडे असलेली जुनी तिकिटं जमवतो. लोक रमाकांतभाई वाघवाले म्हणतात, आणि मीही मूर्खासारखा फुशारतो. तीस वर्षांपूर्वी बळवंतराव आमच्या कचेरीत वडिलांचं वाटणीपत्र घेऊन आले होते. घराचा वरचा मजला नावावर करायचा होता. कागद एक रात्र माझ्या टेबलात राहिला. वाघ बघून माझी बुद्धीच फिरली. ओला कापूस ठेवला, तिकीट अलगद सुटलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं! दुसऱ्या दिवशी वर मीच त्यांच्यावर खेकसलो, "तिकीट कुठाय? बिनतिकिटाचा कागद चालत नाही. साधा कागद सांभाळता येत नाही तुम्हाला?"

"साहेब, काल होतं हो," एवढंच ते म्हणाले. हात जोडून म्हणाले.

"बाबा शेवटपर्यंत हेच सांगायचे, तिकीट होतं म्हणून," संयोगिता बोलत होती. "कुणी मानलं नाही. सगळं घर मोठ्या काकांना गेलं. वर बाबाच खोटे ठरले." मग ती थबकली. "पण काका, हे तुमच्याकडे कसं आलं?"

"मीच चोरलं, पोरी."

तिचा चेहरा पार उतरला. ती म्हणाली, "मला नका सांगू. आईला सांगा. चला."

तिची आई जिजाबाई भाड्याच्या खोलीत पापडीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी तिकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "ती खिडकी उघड गं."

समोर तेच, मोठ्या काकांना गेलेलं घर होतं. वरच्या मजल्याच्या गॅलरीत त्यांचे म्हातारे दीर आणि सुना चहा पीत बसले होते.

"आता तिथं उभं राहून सांगा," जिजाबाई म्हणाल्या. "ह्यांचं नाव घेऊन सांगा." आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

मी खिडकीशी गेलो.

"बळवंतराव खरं बोलत होते," मी कसंबसं म्हणालो.

"अजून मोठ्यानं," मागून जिजाबाई म्हणाल्या.