तीन झाकणं

बाबा जहाजावर कप्तान होते, पण वादळ ओळखायला मला शिकवलं ते आईनं, आणि तेही स्वयंपाकघरात. जेवणाच्या टेबलावर काचेखाली सागरी नकाशा असायचा. रेडिओवर वादळाची बातमी आली की आई त्यावर झाकणं मांडायची. वादळ उद्या जिथं पोहोचेल तिथं वाटीचं, परवा जिथं असेल तिथं पातेल्याचं आणि तिसऱ्या दिवशीच्या जागी मोठ्या डब्याचं. बाबांचं जहाज म्हणजे त्यांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण.

"वादळ रोज मोठं होतं का गं?" मी एकदा विचारलं.

"वादळ नाही रे, आपली चूक मोठी होते. उद्याचा अंदाज थोडा चुकेल, तिसऱ्या दिवसाचा खूप. बटण झाकणाखाली येता कामा नये. आणि वादळाच्या पुढून आडवं कधी जायचं नाही. थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, मग मागून जायचं."

"घरात बसून उंटावरून शेळ्या हाकते तुझी आई!" बाबा हसायचे. पण बंदरातून फोन केला की आधी झाकणं कुठं आहेत ते विचारायचे.

पुढं मी कप्तान झालो आणि बटण माझं झालं.

मागच्या वर्षी घर तीन दिवसांवर असताना धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आईचं काही खरं नाही. लवकर ये."

वाटेत वादळ होतं. जोर लावला असता तर पुढून निसटता आलं असतं; अंदाजाप्रमाणे साठ मैलांची फट होती. मी मनातल्या मनात डब्याचं झाकण ठेवून पाहिलं. फट पुरती बुजली. जहाजावर बावीस माणसं होती. मी चिडलो, हे सगळं शिकवून ठेवलं म्हणून आईवरच चिडलो, आणि वेग कमी करायला सांगितला.

दोन दिवस उशिरा घरी पोहोचलो. आई आदल्या दिवशीच गेली होती.

टेबलावर झाकणं तशीच होती. बटण मात्र त्यांच्या मागं, मोकळ्या पाण्यात होतं.

"मी ते पुढं ठेवलं होतं, तू वेळेवर यावास म्हणून," बहीण म्हणाली. "आईनं पाहिलं आणि माझ्यावर खेकसली. स्वतः उचलून मागं ठेवलं. म्हणाली, 'तो इथूनच येईल. मी नसेन तोवर, पण तो येईल.' मग शांत झोपली."

मी तिथंच आईच्या खुर्चीत बसलो आणि पोटभर रडलो.