तेरा नंबर रिकामा होता

त्या आठवड्यात माझ्या वर्गाने मला निदान वीस वेळा तोंड वासलेलं पाहिलं असेल. मी बोलत असायचे आणि पडद्यावरचं चित्र मध्येच गोठायचं, तेही नेमकं तोंड उघडं असताना. एका विमा कंपनीत नव्याने लागलेल्यांना मी घरी बसून शिकवते. समोर तीस चेहरे असतात. त्यातल्या कुणीतरी माझं तसलं ध्यान टिपून सगळ्यांना पाठवलं आणि ते फिरत फिरत माझ्याच फोनवर आलं. मी आधीच तापट. शुक्रवारी वर्ग सुटला तशी मी पदर खोचला आणि राउटरच्या मागे लागले.

आसपासचे वायफाय कुठल्या चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या कुठल्या नंबरच्या वाटेवर, चालतात ते दाखवणारं एक अ‍ॅप फोनवर घेतलं. इमारतीत सव्वीस वायफाय निघाले. एकाचं नाव ‘फुकट मिळणार नाही’, एकाचं ‘वरच्यांनी नाचू नये’. सगळे एक, सहा आणि अकरा या तीन नंबरांवर दाटीवाटीने बसलेले. आमचाही सहावर. एका खोलीत दहा जण एकदम बोलायला लागले तर कुणाचं कुणाला कळणार? आणि अगदी टोकाला तेरा नंबर मोकळा. एकही माणूस नाही. मला हसूच आलं. सगळे खुळ्यासारखे गर्दीत उभे आणि रिकामी खिडकी फक्त मला दिसलेली! राउटरच्या सेटिंगमध्ये सहाचे तेरा केले. लॅपटॉप चालला, फोन चालला, चित्र एकदम स्वच्छ. संध्याकाळी दादाला फोन करून मी फुशारकीही मारली.

तेरा नंबर रिकामा का, हे मात्र मनात आलं नाही. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ असं आई म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची.

बाबा मागच्या खोलीत असतात. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण कुणी धरल्याशिवाय उठायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपते. प्रश्न होता दिवसाचा. पुढच्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून मी शिकवत असते. हाक ऐकू येणार कशी? म्हणून मी बेल आणली होती. पलंगाच्या दांडीला दोरीने लटकवलेलं एक पांढरं बटण. ते दाबलं की त्यावर लाल दिवा लागायचा आणि घरातल्या वायफायवरून माझ्या फोनवर चिमणी ओरडायची. मग मी वर्गाला ‘दोन मिनिटं हं’ म्हणून उठायचे.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. एकतीस वर्षं खांबांवर चढले. बेल पाहिल्यावर म्हणाले, “तार नाही, खांब नाही. हिचा भरवसा काय?”

“तुमच्या तारांपेक्षा बरी आहे,” मी म्हटलं होतं.

सोमवारी दुपारी वर्ग संपवून मी मागे गेले तर त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलेलं. इतका उकाडा असताना. मी ते ओढलं आणि बघितलं. चादर ओली होती, गादीसुद्धा.

“बेल का नाही वाजवली?”

त्यांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “विसरलो.”

“हातभर अंतरावर लटकतेय! आता काय गळ्यात बांधू?”

“चुकलं गं माझं.”

मी चादर बदलली, पण मुकाट्याने नाही. मला तेवढं एकच काम आहे का, माणसाने निदान लक्ष द्यावं, असं बरंच काही बोलत बदलली. मंगळवारी पुन्हा तेच, आणि पुन्हा ‘विसरलो’. बुधवारी मी मोठ्या माणसांचे डायपर आणले. बाबांनी ते पुडकं बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. एकतीस वर्षांत ज्यांचा सदरा कधी चुरगळलेला दिसला नाही, ते माझे बाबा. मला वाटलं, रुसलेत. रुसू देत.

गुरुवारी ते पलंगाला टेकून जमिनीवर बसलेले सापडले. शेजारी काठी पडलेली. सुदैवाने हाडाला काही झालं नाही. त्या गुरुवारची आणखी एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगते. आत्ता जीभ उचलत नाही.

संध्याकाळी मी दादाला कळवलं, “बाबांचं विसरणं फार वाढलंय.” दादा दुसऱ्या गावी असतो. त्याने दोनच दिवसांत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी एक जागा शोधून काढली. पुढच्या शनिवारी येऊन त्यांना घेऊन जातो म्हणाला, आधी महिनाभर ठेवून बघू. “तू तरी एकटीने किती करायचं?” हे ऐकून मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, “जाऊ की. तिथे म्हणे बेल वाजवली की माणूस येतं.”

“वाजवायची आठवण राहिली तर,” मी म्हटलं.

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

पुढच्या शुक्रवारी रजा घेऊन मी त्यांची बॅग भरायला बसले. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. सदरे झाले, औषधं झाली. बेल तिकडे काय कामाची, म्हणून ती दांडीवरून सोडवली आणि दोरी गुंडाळायला लागले. गुंडाळताना बटण अंगठ्याखाली आलं. लाल दिवा लागला. फोन माझ्या खिशातच होता.

चिमणी ओरडली नाही.

मी पुन्हा दाबलं. दिवा लागला. फोन मुका. आणखी तीनदा दाबलं. कपाटातून बेलचं माहितीपत्रक काढलं. बारीक अक्षरात शेवटून दुसरी ओळ होती: ही बेल चॅनेल एक ते अकरापर्यंतच चालते. बटण दाबल्याची नोंद ती स्वतःजवळ ठेवते आणि जोडणी मिळाली की पाठवते.

एक ते अकरा. तिला तेरा नंबर दिसतच नव्हता.

मी पुढच्या खोलीत पळाले, तेराचे सहा केले आणि राउटरचे दिवे पुन्हा लागेपर्यंत तिथेच उभी राहिले. दोन मिनिटांनी फोन ओरडला. थांबला नाही. एकावर एक, एकावर एक, चिमण्याच चिमण्या.

“उचल की फोन!” बाबा आतून म्हणाले.

उचलणार काय? पडद्यावर यादी उतरत होती. आत्ताचे माझे पाच वगळले तर सत्तावीस. सोमवारचे नऊ. अकरा वाजून दहा, अकरा वाजून बारा, अकरा वाजून तेरा... सोमवारी अकरा वाजता मी तीस जणांना सांगत होते, “काही अडलं तर लगेच मला हाक मारा, संकोच करू नका.” मंगळवारचे सहा. बुधवारचे पाच. गुरुवारचे सहा. शुक्रवारी एकही नाही. या सोमवारी एक. त्यानंतर काही नाही. त्यांनी बेल वाजवणं सोडून दिलं होतं.

मी आत गेले आणि त्यांच्या पायाशी बसले. रडू आवरेना. “बाबा, बेल बंद होती. मी चॅनेल बदलला ना, तेव्हापासून. मला काहीच ऐकू आलं नाही. लाइनमध्येच बिघाड होता.”

बाबा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. “असू दे पोरी. माणसाला काम असतं.”

“अहो, खरंच सांगतेय.”

“लाइनमध्ये बिघाड होता, हे मी लोकांना एकतीस वर्षं सांगितलंय. टपरीवर चहा पीत बसलेलो असलो तरी सांगितलंय.” मग हळूच म्हणाले, “मला राग नाही आला. तू वर्ग सोडून किती वेळा येणार? नोकरी जायची एखाद्या दिवशी.”

तेव्हा मला सगळं उमगलं. ते काहीही विसरले नव्हते. बटण दाबून, दिवा बघून, मी ऐकतेय आणि येत नाहीये अशी त्यांची खात्री पटली होती. आणि मी जेव्हा दारात उभी राहून खेकसत होते, तेव्हा मला खोटं पाडायला नको म्हणून ते स्वतः विसराळू झाले होते. वेंधळे ठरले, डायपर बांधून घेतले, घर सोडायला तयार झाले.

तोंडी सांगून त्यांना पटणार नव्हतं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. “हे बघा, मी तेरा करते. आता दाबा.”

त्यांनी दाबलं. दिवा लागला. फोन गप्प.

“आता सहा करते.” दोन मिनिटं आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. आधी अडकलेलं आलं, चिमणी एकदा ओरडली. मग त्यांनी दाबलं. पुन्हा ओरडली.

बाबांनी चष्मा वर सरकवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा लाइनमनचा झाला. “परत तेरा लाव.” लावला. दाबलं. गप्प. “परत सहा.” असं त्यांनी तीनदा करायला लावलं. दिव्यावर हात धरून बघितलं, फोन कानाशी नेऊन बघितला.

“हा दिवा फसवतो,” ते म्हणाले. “बटणात करंट आहे एवढंच तो सांगतो. पलीकडे कुणी आहे का, ते नाही सांगत.” मग थोड्या वेळाने, “म्हणजे तू ऐकलंच नव्हतंस.”

“नाही.”

“एकदाही नाही,” ते म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते सदऱ्याच्या बाहीने पुसले आणि लगेच बाही नीट केली. “बरं झालं. फार बरं झालं गं. दादाला फोन कर, उद्याचा हेलपाटा वाचेल त्याचा.”

मी त्यांच्यासमोरच दादाला फोन लावला. बाबा काही विसरत नाहीत, चूक माझी होती, ते कुठेही जाणार नाहीत, हे सांगितलं. बाबांनी शेजारच्या उघड्या बॅगेतला वरचा सदरा काढून मांडीवर घेतला आणि त्याची घडी मोडली.

इथे मला थांबता आलं असतं. सगळं त्या तेरा नंबरवर ढकलून मोकळी झाले असते. पण गुरुवार होता. गुरुवारी बेलचे सहा दाब वाया गेल्यावर बाबांनी काठीने भिंत ठोकली होती. भिंतीला कुठला आला चॅनेल? हेडफोनमधूनही ते मला ऐकू आलं. एकदा, मग पुन्हा. मी घड्याळ बघितलं, वर्ग संपायला बारा मिनिटं होती, आणि मी मनात म्हटलं, थांबतील.

“बाबा,” मी म्हटलं, “गुरुवारी तुम्ही काठी ठोकलीत ना? ती ऐकली होती मी. ऐकूनसुद्धा नाही आले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या काठीकडे. मग मांडीवरच्या सदऱ्याचं बटण लावायला घेतलं.

“काठी?” ते म्हणाले. “नाही गं आठवत. विसरलो असेन.”