एका नाकावर दोन चष्मे

कारखान्याची मालकीण म्हटलं की लोकांना वाटतं, बाई सगळ्यांना धाकात ठेवत असणार. ताईचं मेलं उलटंच. खुर्च्या-टेबलांचे पाय कातून देणारा तिचा छोटासा कारखाना, चार कामगार, आणि त्यांतले एक तिचे सख्खे काका. लेथवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, हात कसा धरायचा, हे तिला त्यांनीच कान पिळून शिकवलेलं. अशा माणसाला हुकूम सोडायचा म्हणजे जिभेला गाठ पडते.

तरी एक हुकूम तिने सोडलाच होता. लेथवरून उडालेली ढलपी एका कामगाराच्या भुवईवर बसली, थोडक्यात डोळा वाचला, आणि ताईची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी तिने सेफ्टीच्या चष्म्यांचा खोका आणून सगळ्यांना वाटला आणि बजावलं, चष्मा नाही तर लेथ नाही. काका कुरकुरतील म्हणून ती कंबर कसून आली होती. पण काकांनी निमूट चष्मा चढवला. ताईला केवढं हायसं वाटलं!

आणि मग काकांचे पाय वाकडे व्हायला लागले. काकांचे म्हणजे खुर्चीचे. कुठे गोलाई चपटी, कुठे खाच तिरकी. ज्यांच्या कामात खोट काढायची कुणाची छाती नव्हती, त्यांचं काम ताई संध्याकाळी सगळे गेल्यावर गुपचूप सुधारू लागली. काका थकले, असं तिने मनाशी धरलं. आता त्यांना लेथवरून उतरवून बांधाबांधीला बसवावं लागणार, आणि ते सांगायचं कुणी, तर तिनेच. या विचाराने ती घरी नवऱ्यापाशी रडलीसुद्धा. लेथ सुटला तर काका झुरून जातील, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मन घट्ट करून ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. काकूंच्या गुडघ्याची चौकशी झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मुद्दा काही ओठांवर येईना. काका आपला जाड भिंगांचा चष्मा लावून पेपर वाचत होते. कामाची वेळ झाली तसा त्यांनी तो खिशात टाकला आणि सेफ्टीचा चढवून लेथ सुरू केला.

"काका, तुमचा चष्मा खिशात का?"

"मग कुठे ठेवू? एका नाकावर दोन चष्मे बसत नाहीत. बघितलं करून."

"अहो, मग दिसतं कसं?"

"दिसतंय कुठे! अंदाजाने रेटतोय. मालकिणीचा हुकूम आहे."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोका वाटला की आपलं काम संपलं, असं समजून ती बसली होती. तो कुणाला कसा बसतो, घातल्यावर दिसतं का, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिने तिथल्या तिथे लेथ बंद केला आणि काकांना थेट चष्म्याच्या दुकानात नेलं. त्यांच्याच नंबरचा, बाजूंनी झाकलेला सेफ्टीचा चष्मा करायला टाकला. काका आपल्या पाकिटाकडे हात नेऊ लागले, तर म्हणाली, कामाला लागतो तो मालकाने द्यायचा असतो, गप्प बसा. तो तयार होईपर्यंत काकांना तिने सुट्टी दिली आणि बाकीच्यांनाही चष्मे कसे बसतात ते विचारून एकाचा बदलून दिला.

नवा चष्मा लावून काका आले ते ऐटीतच. कोळीष्टकांवरून सगळ्यांना फैलावर घेतलं, एकाला तुझे केस पिकले म्हणून चिडवलं, आणि आपल्या लेथपाशी येऊन थबकले. तिरक्या खाचेचा, अर्धवट कातलेला पाय लेथ बंद केल्या दिवसापासून तसाच तिथे चढवलेला होता.

"माझ्या लेथवर कुणी हात मारला?"

कामगार चपलांकडे बघू लागले.

"मीच," ताई म्हणाली. "तुम्ही नव्हता म्हणून."

काकांनी लाकडावरून अंगठा फिरवला. खाच निरखली. आपल्या हातचं काम माणसाला ओळखता येतंच. मग त्यांनी मान वर करून ताईकडे बघितलं.

"कातायला तुला मी शिकवलं," ते हळूच म्हणाले. "खोटं बोलायला कुणी शिकवलं?"

ताईला हसू आलं आणि रडूही. काकांनी तो पाय उतरवून नवं लाकूड चढवलं. डोळे पुसायला ताईने आपला सेफ्टीचा चष्मा वर सारला होता. तो पुन्हा नीट बसेपर्यंत काकांनी बटणाला हात लावला नाही.