आईला होती का?

गरोदर लेकीने तपासणीसाठी दिलेलं ग्लासातलं साखरेचं पाणी नाक दाबून संपवलं आणि तोंड वाकडं केलं. सिस्टरने ग्लास परत घेतला.

"आता पुन्हा रक्त घेईपर्यंत इथून हलायचं नाही. चालायचं नाही, खायचं नाही." मग तिने आईकडे पाहिलं. "ही पोटात असताना तुम्हाला शुगर होती का?"

आईच्या एका बाजूला लेक होती, दुसऱ्या बाजूला विहीणबाई.

"नाही हो," आई म्हणाली.

"आमच्याकडेही कुणाला नाही," विहीणबाईंनी न विचारताच सांगून टाकलं.

सिस्टर गेली. आई पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली. लेकीच्या वेळी तिने महिनोन्महिने पोटावर इंजेक्शनं टोचून घेतली होती. नवरा सोडून कुणाला पत्ता नव्हता. बाळ झालं तेही चांगलं दांडगं. बघायला येणारे कौतुकाने म्हणायचे, काय गुटगुटीत आहे! घरी सोडताना डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं: हिचं वजन सांभाळा, पुढे हिलाही हे होऊ शकतं. ते सांभाळणं आईने एकटीने केलं.

"तुमच्याकडे हिला दुसरी वाढ मिळायची नाही म्हणे," विहीणबाई हसल्या. "आमच्या घरी आल्यावर कुठे पोटभर जेवायला लागली."

"आईचा डोळा सतत माझ्या ताटात," लेक म्हणाली. "जाडी होते ना मी."

आईही हसली. उठून जावं तर समोर तपासणीला आलेल्या बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या.

सिस्टर दुसऱ्याच कुणाला तरी बोलवायला दारात आली.

"सिस्टर," आईचा आवाज नको इतका मोठा आला. "होती. हिच्या वेळी शुगर होती मला. इंजेक्शनं घेत होते."

समोरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"बरं झालं सांगितलंत," म्हणत सिस्टर आत गेली.

लेकीने मान वळवली. "म्हणून ताटातलं काढून घ्यायचीस?"

"हो."

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

लेकीने आईचा हात धरला नाही, पण लांबही सरकली नाही.

विहीणबाईंनी फोन काढला, नंबर लावला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"कामात आहेस का रे? उद्या सकाळी काही खाऊ नकोस. चहासुद्धा नाही. रक्त तपासायला जायचंय."

पलीकडून लेकाने काहीतरी विचारलं.

"मला नाही, तुला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू पोटात होतास तेव्हाचं आहे. घरी आलास की सांगते."