हातातली खोट

"आता वाजवा," आदिनाथ म्हणाला.

धर्मराजने गिटारची तार छेडली. आहेर न आणलेला पाहुणा पंगतीच्या टोकाला अंग चोरून बसावा, तसा आवाज दुकानातल्या स्पीकरमधून आला आणि लगेच विरून गेला.

"ऐकलं? जोर लावला तरी असंच," धर्मराज म्हणाला. "माझ्या जागी आलेल्या नागसेनच्या हातात तरी नीट वाजंल. तू फकस्त जॅकबिक बघून घे. पाचला बबलूचा टेम्पो येनाराय पेटी न्यायला."

पेटी काउंटरवर होती. दोन विटा शेजारी ठेवल्यावर होईल एवढी, पायाने दाबायची आठ बटणं आणि वर बोटभर पडदा. मोठमोठ्या गिटार ॲम्प्लिफायरचे आवाज तिच्या पोटात आकड्यांच्या रूपाने भरलेले होते. जे सामान टेम्पोत मावलं नसतं ते धर्मराज सहा वर्षं खांद्याच्या पिशवीतून नेत होता. गिटारची तार मुळात बारीक बोलते. पेटी तिला गेन द्यायची, म्हणजे तो गुरगुराट, ज्याच्यामुळे एकटी तार दहा माणसांसारखी बोलते. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बबलूच्या म्युझिक पार्टीत आधी हाच गुरगुराट उठायचा. बावीस वर्षांत धर्मराजने किती नवरदेव आत घेतले याची गणती त्याच्यापाशी नव्हती. त्यातल्या काहींचे धाकटे भाऊही त्यानेच आत घेतले होते.

आदिनाथ हा पार्टीचा साउंडवाला. तीर्थपुरीत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या हुशारीबद्दल दुमत नव्हतं, निदान त्याचं तरी. दोष शोधायच्या त्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि त्या तो गिऱ्हाइकांना मोफत ऐकवायचा. "आधी वायर, मंग जॅक, मंग सेटिंग. तिन्ही बराबर असले, तर चौथा माणूस." चौथ्या पायरीवर पोचलं की त्याला विशेष आनंद व्हायचा. "मशीन बराबर हाय, खोट वापरनाऱ्यात हाय," हे त्याचं वाक्य शहागडपासून घनसावंगीपर्यंत लोक त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत. भजनी मंडळाचा माईक असो की पुढाऱ्याचा भोंगा, निकाल बहुतेक वेळा माणसाच्याच विरोधात जायचा. माणसं ऐकूनही घ्यायची, कारण पुढच्या कार्यक्रमाला गाठ त्याच्याशीच असायची.

त्याने वायर बदलली. आवाज तसाच.

"वायर न्हाई," तो म्हणाला.

"मला माहीत हाय काय हाय ते," धर्मराजने डावा हात वर केला. ऑक्टोबरात सोयाबीन काढताना मळणी यंत्राच्या पट्ट्यात त्याचं अनामिकेचं बोट सापडलं होतं. पेरावर टाके पडले, बोट थोडं वाकडं भरलं. डॉक्टर म्हणाले, पकड पूर्वीसारखी आहे. डिसेंबरात तो पुन्हा वाजवायला लागला तेव्हा पहिल्या दोन लग्नांत बोट खरंच पूर्वीसारखं होतं. मग काहीतरी झालं. तार दाबून धरावी आणि सूर मधेच तुटावा. तो जास्त जोराने वाजवायला लागला, रात्री बोटाची पेरं सुजायला लागली, आणि सूर मात्र तुटतच राहिला.

आदिनाथने पडद्याकडे पाहिलं. गिटारचा आवाज पेटीत किती शिरतो हे दाखवणारी बारीक हिरवी पट्टी तिथे हलत होती. धर्मराज तार ओरबाडत होता आणि पट्टी अर्ध्यालाही पोचत नव्हती.

आणि आदिनाथला आठवलं.

शहागडचं लग्न. डिसेंबर. नवरदेव दारात, घोड्यावरून उतरत होता, आणि ऐन वेळी मिक्सरमधली कीबोर्डची वाट मेली. आदिनाथने कीबोर्डची वायर उपटली आणि सरळ गिटारच्या पेटीत खुपसली. कीबोर्डचा आवाज दांडगा, पेटीला तो सोसेना, फाटायला लागला. तेव्हा त्याने पेटीच्या आतल्या पानावर जाऊन इनपुट पॅड नावाचं सेटिंग चालू केलं. येणाऱ्या आवाजाला दारातच अर्धा करणारं. कार्यक्रम निभावला, बबलूने पाठ थोपटली, इतक्यात पंगतीचं बोलावणं आलं. आदिनाथ पानावर बसला. जिलबी दुसऱ्यांदा मागून घ्यायची आठवण त्याला राहिली. पॅड बंद करायची मात्र राहिली नाही.

पेटीच्या पडद्यावरचं ते पान असं होतं की तिथलं सेटिंग पेटीतल्या सगळ्या आवाजांना लागू व्हायचं. आवाज बदला, कंपनीचे मूळ आवाज लावा, पॅड चालूच. आत शिरणारा आवाज अर्धा, म्हणून गुरगुराट नाही. आणि खरखर कापायला बसवलेली आतली चाळणी बारीक झालेल्या सुरालाही खरखर समजून कापायची. म्हणून सूर तुटायचा. दुबळं बोट तारेवरून सुटावं, अगदी तसा.

धर्मराज त्या पानावर कधी जात नसे. तिथे सगळं इंग्रजीत होतं आणि ते खातं त्याने विश्वासाने आदिनाथकडे सोपवलं होतं.

"काय झालं?" धर्मराजने विचारलं.

"काय न्हाई. जॅक बघतो."

त्याने जॅक खोलला. जॅक नव्यासारखा होता हे त्याला खोलण्याआधीच माहीत होतं. तरी त्याने तो कापसाने पुसला, फुंकला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. इतकं मन लावून त्याने चालू जॅकची सेवा आयुष्यात कधी केली नव्हती.

"तू जानेवारीतच सांगितलं व्हतं म्हना," धर्मराज म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. "मीच ऐकत न्हवतो. दोन महिने अजून तसाच वाजवत बसलो. हळदीत पोरं म्हन्ली, काका, डीजेच लावा आता. मंग मीच बबलूला म्हन्लं, बाबा, माझ्या हातात राह्यलं न्हाई, दुसरा बघ."

जानेवारीत धर्मराज याच काउंटरपाशी उभा होता. पेटी घेऊन आला होता. आदिनाथने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि मग त्याची नजर त्या वाकड्या बोटावर गेली. वायर नाही, जॅक नाही, सेटिंग नाही. तो थेट चौथ्या पायरीवर उभा राहिला. "धर्माभाऊ, मशीन बराबर हाय. हाताला टाइम द्या." आणि धर्मराज मान हलवून निघून गेला होता.

आदिनाथने त्या पानावर जाऊन पॅड बंद केलं. अंगठ्याचा एक दाब. चार महिन्यांचा दोष जायला तेवढाच वेळ लागला.

"वाजवा," तो म्हणाला.

धर्मराजने सवयीने जोर लावून वाजवलं आणि दचकून मागे सरला. शोकेसची काच थरथरली. समोरच्या रसवंतीवाल्याने चरक थांबवून वळून पाहिलं. धर्मराजने बोट तारेवर तसंच दाबून धरलं होतं आणि सूर तुटत नव्हता. तो धरून होता. धर्मराज आपल्या बोटाकडे असा बघत होता, जणू ते शेजाऱ्याचं होतं.

"काय व्हतं रे?"

"कार्बन," आदिनाथ म्हणाला. "जॅकमधे कार्बन आल्ता."

इतका गुळगुळीत निघाला तो शब्द, की आदिनाथलाही क्षणभर खरा वाटला.

धर्मराजने गिटार गळ्यातच ठेवून दोन्ही हात जोडले. "देवमानूस हायेस बाबा." मग त्याने फोन काढला आणि बायकोला लावला. "दैवशाला, हात बराबर हाय माझा! बिलकुल बराबर! मशीनीत व्हतं सगळं. आदिनाथनं शोधून काढलं."

फोनमधून दैवशालाचा आवाज आला, भरून आलेला आणि ते लपवण्यासाठी चढवलेला. "मी म्हनत न्हवते? आदिनाथभाऊंना जेवायला घेऊन या. मोकळ्या हातानं पाठवू नका त्यान्ला."

आदिनाथ उभा होता तिथेच स्टुलावर बसला.

"धर्माभाऊ, फोन ठेवा."

"का रे?"

"ठेवा."

त्याने सांगितलं. कीबोर्ड, पॅड, पंगत, सगळं. जिलबीसुद्धा सांगितली, काही गरज नसताना. धर्मराज ऐकत होता.

"डिसेंबरात?"

"व्हय."

"आन् जानेवारीत मी आल्तो तवा?"

"तवा मी पेटी बघितलीच न्हाई," आदिनाथ म्हणाला. "तुमच्या बोटाकडं बघितलं आन् बोललो."

रसवंतीचा चरक पुन्हा सुरू झाला. धर्मराजने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. शिवी आली असती तर आदिनाथने ती दोन्ही हातांनी घेतली असती.

"मी बबलूला फोन लावतो," तोच म्हणाला. "खरं काय ते सांगतो. पेटी देऊ नका. तुमची जागा तुम्हाला."

"काय सांगशील? बटन चालू राह्यलं व्हतं?" धर्मराज हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "हात गेला म्हन्लं तवा लोक हळहळले. घरी येऊन बसले. बटन म्हन्लं तर हसतील. म्हन्तील, बावीस वर्सं वाजवतो आन् सोत्ताची पेटी कळली न्हाई याला."

"चूक माझी हाय."

"तुझीच हाय. मी कुठं न्हाई म्हन्तोय?" त्याने पेटीवर हात ठेवला. "नागसेननं जालन्याच्या कंपनीतली नोकरी सोडली या सीझनसाठी. बबलूनं त्याचा फोटो टाकून पार्टीच्या पत्रिका छापल्या. आता तुझ्या बटनापायी त्याला घरी बसवू? त्यानं काय केलं?"

आयुष्यभर आदिनाथने लोकांना त्यांच्या चुका हातात दिल्या होत्या आणि लोकांनी त्या मुकाट घरी नेल्या होत्या. आज स्वतःची घेऊन तो उभा होता आणि ती कोणी घेत नव्हतं.

"मंग मी काय करू?"

"कोनाला सांगू नको. दैवशालाला तर बिलकुल न्हाई. तिला कार्बनच राहू दे." धर्मराजने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. "आन् टेम्पो येईपर्यंत मला वाजवू दे."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि वाजवायला लागला. आधी जोरात, मग हळू. जोराची गरज नाही हे हाताला उशिरा कळत होतं. आदिनाथने मिक्सरला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की तो खुणेने बोलायचा.

चारच्या पुढे तुळजाबाई आल्या. महिला भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला होता, तो न्यायला. रिक्षा बाहेर थांबवलेली. आदिनाथने ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला आणि सुतळी बांधायला घेतली.

"खोट काय निघाली?" त्यांनी विचारलं. "आमच्यातच आसंल."

"न्हाई मावशी. मशीनीतच व्हती."

तुळजाबाईंनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग त्या भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीकडे वळल्या.

"कोन हाय हे? लई गोड हात हाय की."

आदिनाथने तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. त्याने ते गिळलं आणि सुतळीची गाठ आवळली.

"मशीन तपासून राह्यलो, मावशी," धर्मराज न वळता म्हणाला.

"तपासा, तपासा."

आदिनाथने स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या, ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन, पदर सावरून. बाहेरून रिक्षावाल्याने एकदा हाक मारली, मग दुसऱ्यांदा. त्या उठल्या नाहीत.