लाडोबाचा उपास

लाडोबा उपाशी आहे, ही बातमी एव्हाना साऱ्या गल्लीला कळली होती. त्याची थोरली बहीण मरायला टेकली आहे, ही बातमी त्याच बातमीला शेपटासारखी जोडलेली होती. भेटायला येणारे आधी बाहेरच्या खोलीत लाडोबापाशी टेकत, त्याच्या गालांकडे बघून चुकचुकत, "बहिणीसाठी एवढं कोण करतं हो आजकाल!" म्हणत, आणि मग चपला घालता घालता आतल्या खोलीत डोकावून थोरलीला सांगत, "भाग्यवान आहात हं तुम्ही." थोरली पिवळ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघे आणि "हो तर," एवढंच म्हणे. ते 'हो तर' ऐकून शहाणा माणूस तिथून काढता पाय घेई. पण आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांत शहाणे थोडेच असतात.

झालं होतं ते असं. थोरलीचं यकृत निकामी होत चाललं होतं. तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, की जिभेचे चोचले पुरवले नव्हते. पण आजाराला त्याची कुठली चाड! सर्जनने सांगितलं, जवळच्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ही वाचेल, नाहीतर वर्ष निघणं कठीण. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलं ते नेमकं धाकट्या भावाचं. अडचण एकच होती. लाडोबाच्या यकृतात इतकी चरबी साठली होती की त्याचा तुकडा असा कुणाला देण्याजोगाच नव्हता. "आधी हे यकृत माणसात आणा," सर्जन म्हणाला, आणि त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

बाईंनी त्याचं जेवण बंद केलं आणि पावडरीचे डबे दिले. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक माप पावडर पाण्यात घालायची, शेकरमध्ये हलवायची आणि प्यायची. सोबत वाटीभर उकडलेला पाला. बाकी तोंडाला कुलूप. "हे कुणीही उठून घरच्या घरी करायचं नसतं, दर आठवड्याला येऊन दाखवायचं," असंही त्यांनी बजावलं. लाडोबाने मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आणलं.

डोळ्यांत पाणी आणण्याची विद्या त्याला जन्मजात होती. लहानपणी घरात दूध तापलं की त्यावरची साय एका वाटीत निघे, वर साखर पडे, आणि ती वाटी लाडोबापुढे जाई. वाटी पितळेची होती, काठाला पोचा आलेली. थोरलीला खालचं दूध. "तो अशक्त आहे गं," आई म्हणायची. हे अशक्त पोर दहाव्या वर्षी खुर्चीत बसलं की उठताना खुर्ची सोबत उठायची. थोरलीने साय कधी मागितली नाही. मागून नकार ऐकण्यापेक्षा न मागणं बरं, हे तिला फार लवकर कळलं होतं. वडील गेल्यावर ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली आणि घर तिच्यावर चाललं. लग्नाचं राहूनच गेलं. भावाचं गाद्यांचं दुकान उभं राहिलं तेही तिच्याच जिवावर. गाद्याच का, तर त्या धंद्यात पडून दाखवावं लागतं, आणि पडून राहण्यात लाडोबाचा हात धरणारा कुणी नव्हता.

तर आता या लाडोबाचा उपास सुरू झाला आणि घरात सुतक आलं. भावजय स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून, चोरासारखा स्वयंपाक करी. मुलं गच्चीत जाऊन जेवत. कुणी चुकून 'भाकरी' म्हटलं तरी बाकीचे डोळे वटारत. लाडोबा सोफ्यावर बसून, म्हाताऱ्या आईने भरून दिलेला शेकर हलवी आणि प्रत्येक घोटानंतर डोळे मिटे. थोरली आतल्या खोलीत आपली बिनमिठाची पेज गिळत असे. गेलं वर्षभर ती तेच गिळत होती, पण त्याचं कुणाला काय! एका मावशीने तर लाडोबाच्या डोक्यावरून हात फिरवताना हुंदका दिला. थोरलीने तो भिंतीपलीकडून ऐकला आणि मनात म्हणाली, माझ्या मयतीला तरी एवढं रडा म्हणजे मिळवलं.

पहिले दोन-तीन आठवडे वजनाचा काटा उतरला, मग अडला तो हलेचना. पुन्हा स्कॅन केलं. चरबी जवळजवळ होती तिथेच. सर्जनने फिल्म उजेडासमोर धरली, खाली ठेवली आणि लाडोबाकडे पाहिलं.

"तुम्ही खाताय."

"आईची शपथ, डॉक्टर! कण खाल्ला असेल तर जीभ झडो माझी!"

"मग पावडर चुकीची घेताय. अजून एक महिना देतो. त्यानंतर तुमचं यकृत सुधारलं तरी उपयोग नाही, ताईंनाच ऑपरेशन झेपणार नाही."

थोरली चाकाच्या खुर्चीत शेजारीच बसली होती. भावाची शपथ तिला पाठ होती. शाळेत असताना आईची शपथ घेऊनच त्याने तिच्या कंपासमधले खडू खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून थेट त्याच्या दुकानात गेली. पायांवर सूज होती, अंगाला खाज सुटलेली. पण भावाची चोरी पकडायची म्हटल्यावर तिच्यात कुठून बळ आलं कोण जाणे. दारातल्याच एका गादीवर ती बसली आणि दिवसभर तिथून हलली नाही. लाडोबा मधल्या मोठ्या पलंगावर आडवा होता. गिऱ्हाईक आलं की तो कुशीवर वळायचा, गादी कशी दबते आणि कशी वर येते ते दाखवायचा, आणि गिऱ्हाईक किमतीवर यायच्या आत आपल्या त्यागावर यायचा. "एक तुकडा काढून द्यायचाय, बघा. पोटचा. ही समोर बसलीय ना, तिच्यासाठी." गिऱ्हाईक थोरलीकडे वळून बघे. थोरली मान फिरवी. एक बाई तर गादी न घेता नुसतीच डोळे पुसून गेली.

गंमत अशी की त्याने खाल्लं मात्र काहीच नाही. थोरलीने काउंटरचे खण उघडून पाहिले, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये हात घालून पाहिला, मदतनिसाला दरडावून विचारलं. एक बिस्किटसुद्धा निघालं नाही. दुपारी त्याने घरून आणलेला शेकर तोंडाला लावला, तळापर्यंत रिकामा केला, आणि तिच्या हातात देत म्हणाला, "बघ ताई, पटलं?" भावाला चोर ठरवायला आलेल्या बहिणीचा असा पोपट झालेला कुणी पाहिला नसेल.

ती उठायलाच निघाली होती. पण हातात शेकर होता, समोर दुकानाची मोठी काच होती, आणि उजेड होता. तीस वर्षं काचा घासलेल्या माणसाच्या हातात पारदर्शक वस्तू आली की तो ती उजेडाला धरणारच. थोरलीने धरली. आतून तेलकट पडदा होता. तिने त्यात पाणी ओतून हिंदकळवलं. पाणी पसरेना, थेंब थेंब होऊन ओघळलं. पाण्यात कालवलेल्या पावडरीने असं होत नाही. तिने बोट फिरवून वास घेतला, आणि त्या वासाबरोबर ती पितळेची वाटी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती इथे गाद्या चाचपत बसली होती आणि चोरी तिच्या उशाच्या भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात गेली. आई ओट्यापाशी होती. एका हातात शेकर, दुसऱ्या हातात मोठा चमचा.

"काय घालतेस त्यात?"

आई दचकली. "कुठं काय? पावडर."

"मग चमचा मागे का घेतलास?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं आईचं वय राहिलं नव्हतं. तिने चमचा पुढे केला.

"साय आहे थोडी. अन् साखर. तिन्ही वेळा घालते, तुला खोटं कशाला सांगू? पाण्यात कालवलेलं पीठ पिऊन माणूस जगतो का? तोंड बघितलंस त्याचं? बघवत नाही मला."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? एक महिना."

"ऐकलं. पण तो उपाशी आहे गं."

"आणि मी मरतेय."

"असं अभद्र बोलू नये सकाळी सकाळी," आई म्हणाली. मग चमचा धुता धुता, अगदी सहज, कौतुकानेच म्हणाली, "तुझं काय, तू पहिल्यापासून खंबीर. तुझं तू निभावून नेतेस. तुला कधी भूक लागायचीच नाही."

अति झालं आणि हसू आलं, अशी थोरलीची गत झाली. ती हसली तशी तिच्या पोटात कळ आली आणि ती खालीच बसली. आईबद्दल तिच्या मनात राग नव्हता असं नाही. भरपूर होता, जवळजवळ पन्नास वर्षांचा होता. पण त्या घटकेला तिला वाईट वाटलं ते रागाहून मोठं होतं. ही बाई खोटं बोलत नव्हती. हिला खरोखरच तसं वाटत होतं.

आवाज ऐकून लाडोबा आला.

"तुला ठाऊक होतं?" थोरलीने जमिनीवरूनच विचारलं.

त्याने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "पहिल्या घोटालाच कळलं. साय मी ओळखणार नाही होय?"

"आणि तरी आईची शपथ घेतलीस?"

"खाल्लं कुठं होतं? प्यायलो."

"बोलला का नाहीस?"

"आईला वाईट वाटलं असतं गं, ताई."

"म्हणजे आईला वाईट वाटू नये म्हणून मी जायचं."

लाडोबाचे डोळे भरून आले. "रड," थोरली म्हणाली. "रडून चरबी उतरत असेल तर मनसोक्त रड. आणि रडून झालं की ते डबे माझ्या खोलीत आणून ठेव."

त्या दिवसापासून पावडर थोरलीच्या पलंगाखाली आली. तीन वेळा लाडोबाने तिच्या खोलीत यायचं, तिने माप घालायचं, पाणी ओतायचं आणि शेकर हलवायचा. तिच्या हातात ताकद नव्हती. हलवता हलवता ती थांबे, धापा टाकी, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. मरणाऱ्या माणसाने धडधाकट माणसाला भरवावं, असा तो सगळा उलटा कारभार. तो प्यायला की ती म्हणे, "जीभ दाखव." सत्तेचाळीस वर्षांचा घोडा जीभ दाखवी.

आणि मग लाडोबाला जन्मात पहिल्यांदा खरी भूक लागली. खऱ्या भुकेला डोळ्यांतलं पाणी परवडत नाही. तो गप्प झाला. आल्यागेल्याला त्याग सांगेना, नुसता भिंतीकडे बघत बसे. बघायला काही उरलं नाही तसे भेटायला येणारेही आटले. एके दुपारी शेकर रिकामा करून तो तसाच तिच्या पायथ्याशी बसून राहिला.

"ताई, भूक अशी असते?"

"अशीच असते."

"रोज?"

"पुढे सवय होते," थोरली म्हणाली आणि शेकर उजेडाला धरून आतून स्वच्छ आहे ना ते बघायला लागली. यावेळी त्याने डोळ्यांत पाणी आणलं नाही, म्हणून तिने त्याला जा म्हटलं नाही.

महिना संपला, स्कॅन झालं, आणि सर्जनने लाडोबाची पाठ थोपटली. "याला म्हणतात जिद्द!" ऑपरेशनची तारीख ठरली. बातमी गल्लीत गेली, मावश्या परतल्या, बाहेरच्या खोलीत पुन्हा चुकचुकणं सुरू झालं. थोरली आत पडून ते ऐकत होती. आपण जगणार, ही गोष्ट तिला अजून नीट खरी वाटत नव्हती.

दार ढकलून आई आत आली. तिच्या हातात पितळेची वाटी होती. काठाला पोचा आलेली. आत घट्ट साय, वर साखर.

"महिन्याभरात बरीच जमली बघ," आई म्हणाली. "शिळी फेकली, ही ताजी आहे. त्याला चालत नाही. उगाच वाया जाईल. तू खातेस?"

थोरलीकडे उत्तर तयार होतं. एक नाही, चांगली पाच-सहा होती, एकेक असं की आई आठवडाभर जेवली नसती. शिवाय स्निग्ध पदार्थ तिला सक्त मना होते. एक चमचा पोटात गेला तर संध्याकाळपर्यंत उलटून पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती वाटीकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

आईने चमचा भरवला. थोरलीने साय तोंडात घोळवली, चांगली घोळवली. चव म्हणाल तर दुधाची, आणि वर साखरेची कचकच. बाकी काही म्हणजे काही नव्हतं. एवढ्यासाठी! जन्मभर ती ज्या वाटीकडे न बघता जेवली, त्या वाटीत नुसतं एवढंच होतं.

"आवडली?" आईने विचारलं.

"ठीक आहे," थोरली म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.